फुगविण्याची शिडाची फळी : सोय किती, अडचण किती?

घडी होणाऱ्या वस्तूंवर गृहस्थाश्रमी माणसाचा विशेष लोभ असतो. छत्री, चटई, घडीची खुर्ची, पाहुण्यांसाठीं माळ्यावर गुंडाळून ठेविलेली गादी, या सर्वांत एकच गुण आहे. काम असेल तेव्हां त्या पसरतात आणि काम संपलें कीं अडविलेली जागा घरास परत देतात. जेथें एका छपराखालीं तीन पिढ्या नांदतात तेथें या गुणाची किंमत वस्तूच्या किंमतीहूनहि अधिक समजली जाते, व तें योग्यच आहे. तथापि घडी होते एवढ्यानेंच वस्तु सोयीची ठरत नाहीं. पाहुणा बसतांनाच मिटणारी खुर्ची पुष्कळांनीं पाहिली असेल. म्हणून अशा वस्तूविषयीं दोन प्रश्न नेहमीं विचारावे : मिटल्यावर ती खरोखर किती लहान होते, आणि उघडल्यावर ती खरोखर किती काम देते?

या महिन्यांत एका वाचक-कुटुंबाच्या पत्रानें हे दोन्ही प्रश्न एका अगदीं नव्या वस्तूच्या निमित्तानें पुढें आणिले आहेत. या कुटुंबांतील चिरंजीव नोकरीनिमित्त हॉलंडांत अ‍ॅमस्टरडॅम शहरीं असतात. तेथें त्यांस पाण्यावर शिडाच्या फळीवरून फिरण्याचा, म्हणजे विंडसर्फिंगचा, छंद लागला आहे. बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचें. तेव्हां हवा भरून फुगवितां येणारी फळी घ्यावी, एरवीं ती गुंडाळून कपाटांत ठेवावी, आणि सुटींत घरीं येतांना विमानांतून कोंकणांतहि आणावी, असा त्यांचा बेत आहे. घरच्या मंडळींचे प्रश्न मात्र निरनिराळे आहेत. आजोबा विचारतात, वाऱ्यानें भरलेल्या पिशवीवर धडधाकट माणूस उभा राहतो हें खरें कसें मानावें? वडील विचारतात, ती विमानांतून आणणें आणि घरांत ठेवणें प्रत्यक्षांत जमतें काय? आणि मातोश्रींचा प्रश्न एकाच ओळीचा आहे : यांत जिवास धोका किती?

मीं स्वतः या फळीवर पाऊल ठेविलेलें नाहीं आणि या वयांत ठेवण्याचा संभवहि नाहीं. परंतु लांबी, वजन आणि दाब यांचे हिशेब ज्यानें वर्षानुवर्षें मुलांकडून करवून घेतले, त्यास या प्रश्नांचीं उत्तरें शोधणें अगदींच अशक्य नसावें.

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊं. एक लांबट सपाट फळी, तिच्या मध्यावर सर्व दिशांस वळणाऱ्या सांध्यानें बसविलेली डोलकाठी, काठीवर शीड, आणि शिडाच्या दोन्ही अंगांनीं फिरलेली, हातांनीं धरावयाची ‘बूम’ नांवाची दांडी, एवढा हा पसारा असतो. होडीस सुकाणूं असतें, तसें हिला नसतें. वर उभा राहिलेला माणूस काठी पुढें कलवितो तेव्हां फळीचें तोंड वाऱ्यापासून दूर जातें, आणि मागें कलवितो तेव्हां वाऱ्याकडे वळतें. फळीखालीं माशाच्या परासारखा एक ‘फिन’ असतो. तो पाण्यांत रुतून फळीस आडवी घसरूं देत नाहीं. या फिनाकडे पुढें पुन्हां यावयाचें आहे, म्हणून त्याचें नांव लक्षांत ठेवावें.

ही युक्ति फार जुनी नाहीं. अमेरिकेंत न्यूमन डार्बी यांनीं १९६५ सालीं ‘पॉप्युलर सायन्स’ या मासिकांत आपल्या शिडाच्या फळीची माहिती प्रसिद्ध केली. कॅलिफोर्नियांत हॉइल श्वाइत्झर आणि जिम ड्रेक यांनीं वळत्या सांध्याच्या फळीसाठीं १९६८ सालीं अर्ज केला व १९७० सालीं त्यांस पेटंट मिळालें. पुढें इंग्लंडांत या पेटंटावरून खटला झाला. तेव्हां असें पुढें आलें कीं, १९५८ सालीं हेलिंग आयलंड येथें पीटर चिल्व्हर्स नांवाच्या बारा वर्षांच्या मुलानें अशाच तऱ्हेची फळी घरच्या घरीं करून पाण्यांत घातली होती. १९८५ सालीं तेथील अपील कोर्टानें त्या पुराव्याला महत्त्व देऊन इंग्लंडापुरतें तें पेटंट रद्द ठरविलें. मुलांचे उद्योग ‘रिकामपणचे’ म्हणून मोडून टाकण्यापूर्वीं वडील माणसांनीं ही गोष्ट आठवावी. १९८४ च्या लॉस एंजेलिस येथील ऑलिंपिक सामन्यांत या खेळास प्रवेश मिळाला आणि १९९२ पासून स्त्रियांसाठींहि स्वतंत्र स्पर्धा सुरू झाली.

श्वाइत्झर आणि ड्रेक यांची मूळ फळी १२ फूट लांब होती. म्हणजे खेळ जन्मला तोच घरांत न मावणारी वस्तु बरोबर घेऊन! आजच्या शिकाऊ फळ्या त्या मानानें आंखूड, अडीच ते तीन मीटरांच्या असतात. पण शहरांतील बिऱ्हाडास तेवढ्याहि पुष्कळच झाल्या. अ‍ॅमस्टरडॅमचीं जुनीं घरें अरुंद व उंच आहेत आणि त्यांचे जिने इतके निमुळते कीं जड सामान जिन्यानें नेतांच येत नाहीं. घराच्या माथ्यावर बाहेर काढलेल्या तुळईस आंकडा असतो. त्यावर दोर टाकून पलंग-कपाटें खिडकींतून आंत घेतात. अशा घरांत राहणाऱ्या माणसानें दर रविवारीं तीन मीटरांची फळी खालीं-वर करावी, हें कोणास सुचणारहि नाहीं. उलट, गांवाबाहेर पाहावें तर खेळास अनुकूल असें उथळ पाणी पसरलेलें आहे. पूर्वीं तेथें झाउडरझे नांवाचा समुद्राचा फांटा होता. १९३२ सालीं डचांनीं सुमारें ३२ किलोमीटरांचा बांध पुरा करून तो समुद्रापासून तोडला, आणि आज तेथें गोड्या पाण्याचीं विस्तीर्ण सरोवरें झालीं आहेत. वारा भरपूर, पाणी जवळ, घर मात्र अरुंद. अशा ठिकाणीं फुगविण्याच्या फळीचा मोह होणें साहजिक आहे.

आतां आजोबांचा प्रश्न. वाऱ्याच्या पिशवीनें पाणी तरून जाणें ही कल्पना मुळींच नवी नाहीं, आणि संस्कृताचा परिचय असलेल्यांस तर तिचें नांवहि ठाऊक आहे. ‘दृति’ म्हणजे कातड्याची पिशवी, पखाल. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या सांग्रामिक अधिकरणांत सैन्यानें पाणी कसें ओलांडावें तें सांगतांना नौका, वेळूचे तराफे, भोपळे यांच्या जोडीस दृतीचीहि गणना केली आहे. त्याहून कित्येक शतकें जुना असा पुरावा असीरियांतील निमरूदच्या राजवाड्यांतून मिळाला आहे. ख्रिस्तपूर्व नवव्या शतकांतील त्या कोरीव शिलांवर फुगविलेलीं कातडीं पोटाशीं धरून नदी पोहून जाणारे शिपाई दाखविले आहेत; त्या शिला लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें आहेत.

परंतु दृतींत आणि या फळींत एक मोठा भेद आहे. पिशवींत हवा भरली म्हणजे ती गोल होते. उशी फुगते, चेंडू फुगतो, सपाट कोणीच होत नाहीं. गोल वस्तूवर बसतां येईल, तिला धरून तरतां येईल, पण तिच्यावर उभें राहून शीड सांवरतां यावयाचें नाहीं. ही अडचण एका विणकामाच्या युक्तीनें दूर झाली. फळीच्या वरच्या आणि खालच्या बाजूस दोन घट्ट कापडें असतात, आणि विणतांनाच हजारों सारख्या लांबीच्या धाग्यांनीं तीं एकमेकांस जखडलेलीं असतात. बाहेरून पी.व्ही.सी.चा लेप देऊन तीं हवाबंद करतात. हवा भरली कीं कापडें दूर सरूं पाहतात, पण धागे ताणले गेल्यावर पुढें सरकूं शकत नाहींत. आणि सर्व धागे सारखे असल्यामुळें दोन्ही पृष्ठें सपाटच राहतात. गोधडीस टांके घातल्यानें आंतील चिंध्या जशा जागच्या जागीं राहतात, तशांतलाच हा प्रकार समजावा. हीच युक्ति वापरून गुडइयर कंपनीनें १९५६ सालीं अमेरिकेंत हवा भरून उभें करावयाचें एक लहान विमानच तयार करून उडविलें होतें. तेव्हां आजोबांनीं निदान टिकाऊपणाविषयीं निःशंक असावें.

पाहिजे तर हिशेबच करूं. अशा फळींत साधारण १५ पौंड प्रति चौरस इंच, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरास सुमारें एक किलोग्रॅम, इतका दाब ठेवितात. फळीचें पृष्ठ दोन चौरस मीटर धरलें तर तें २०,००० चौरस सेंटीमीटर झालें. अर्थात् वरचें कापड आंतील हवा सुमारें २०,००० किलोंच्या, म्हणजे वीस टनांच्या, बळानें वर ढकलीत असते. आणि तें सारें बळ ते बारीक धागे मिळून तोलून धरतात. एकट्या धाग्याकडे पाहिलें तर त्यावर कोणी भिस्त ठेवणार नाहीं. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस याहून अधिक स्पष्टीकरणाची गरज नाहीं.

मात्र या घट्टपणाची किंमत घामानें द्यावी लागते. फळी पंधरा सेंटीमीटर जाड धरली तर तिच्या पोटांत सुमारें ३०० लिटर जागा होते. आणि तेथें वातावरणाच्या दुप्पट दाब व्हावयाचा, म्हणजे बाहेरची सुमारें ६०० लिटर हवा आंत कोंबावयाची. पंपाच्या एका दाबांत दोन लिटर गेली असें मानलें तर ३०० दाब झाले, आणि शेवटचे शंभर पहिल्या दोनशांहून पुष्कळ जड! तरण्या माणसास हें दहापंधरा मिनिटांचें काम आहे. मोटारीच्या बॅटरीवर चालणारे विजेचे पंपहि मिळतात. कित्येक जण कंटाळून दाब अपुरा ठेवितात. अशी फळी माणसाच्या वजनानें मध्यें वांकते, शिडाचा जोर पाण्यास न लागतां त्या वांकण्यांतच खर्च होतो, आणि मग दोष फळीस दिला जातो.

वडिलांचा प्रश्न दुहेरी आहे. त्यांतील प्रवासाचा भाग आधीं घेऊं.

फुगविण्याच्या फळीनें वजन फारसें वांचत नाहीं, ही गोष्ट जाहिरात वाचणाऱ्याच्या ध्यानांत सहसा येत नाहीं. शिकाऊ लोकांची पक्की फळी बारा ते सोळा किलोंची असते आणि फुगविण्याची दहा ते चौदा किलोंची. शिवाय हिच्याबरोबर पंप, फिन, दुरुस्तीचें सामान आणि पाठीवर घ्यावयाची मोठी पिशवी असते. वांचते ती लांबी. तीन मीटरांची वस्तु गुंडाळून एक मीटरच्या आंत येते, ती जिन्यानें चढते, आगगाडींत बसते, मोटारीच्या पाठीमागील पेटींत मावते. हा लाभ खराच मोठा आहे. विमानांत पक्क्या फळीचें आणखी एक लचांड असतें. तिच्या पोटांतील हवा बाहेर जाण्यास कित्येकदां बारीक मळसूत्री बूच ठेविलेलें असतें. विमानांतील हवेचा दाब उंच पर्वतावरल्याइतका, कधीं कधीं ८,००० फूट उंचीवरल्याइतका, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दीडपट उंचीवरल्याइतका, विरळ होतो. तेव्हां तें बूच प्रवासांत उघडावें लागतें आणि पाण्यांत जाण्यापूर्वीं आठवणीनें घट्ट करावें लागतें. गुंडाळलेल्या फळीस ही काळजी नाहीं.

पण थांबा. फळी गेली, डोलकाठीचें काय? आपल्याकडे म्हण आहे, हत्ती गेला आणि शेंपूट राहिलें. येथें तेंच होतें. मोठ्या माणसाच्या शिडास चार मीटरांच्या आसपास लांबीची काठी लागते. ती बहुधा दोन तुकड्यांची असते. म्हणजे एकेक तुकडा दोन मीटरांचा. बूम मिटली तरी दीड मीटर लांब असते, आणि शीड गुंडाळलें तरी तसाच लांब वळकटीसारखा बोजा होतो. अनेक विमान कंपन्यांचा सामान्य नियम असा कीं, सामानाच्या एका नगाचें वजन २३ किलो आणि लांबी, रुंदी व उंची मिळून १५८ सेंटीमीटर यांहून अधिक नसावी. फुगविण्याची फळी या नियमांत कशीबशी बसेल. दोन मीटरांचा काठीचा तुकडा एकटाच त्याच्या बाहेर जातो. मग ‘खेळाचें सामान’ म्हणून आधीं कळविणें व निराळें शुल्क भरणें आलें. तें एकदां भरावयाचें ठरलें म्हणजे फळी गुंडाळण्यानें विमानप्रवासांत काय साधलें, असा प्रश्न उभा राहतो. यालाच आपल्या शास्त्रकारांनीं अर्धजरतीय न्याय म्हटलें आहे : अर्धें एका प्रकारचें, अर्धें दुसऱ्या.

यावर उपाय नाहीं असें नाहीं. फुगविण्याच्या फळीबरोबर विकावयास तीन, चार किंवा अधिक तुकड्यांची काठी आणि दुभंगणारी बूम केलेली असते. मुलांच्या लहान शिडांस तर काठीच आंखूड लागते. मात्र जितके सांधे अधिक तितकें वजन अधिक व ताठपणा कमी; जोराच्या वाऱ्यांत आणि मोठ्या शिडास अशी काठी तितकी चांगली नव्हे. दुसरा उपाय अधिक शहाणपणाचा आहे : जेथें जावयाचें तेथें शीड-काठी भाड्यानें मिळते कीं काय याची आधीं चौकशी करावी. मिळत असेल तर बहुधा फळीहि मिळते, आणि मग काहींच न्यावयास नको!

आणखी एक सूचना. विजेच्या पंपांत लिथियमची बॅटरी असेल आणि ती सुटी काढून नेली, तर ती मोठ्या सामानांत टाकूं नये. ती हातांतल्या पिशवींतूनच न्यावी लागते. तिची शक्ति १०० वॉट-तासांहून अधिक असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते. यापायीं विमानतळावर पेट्या उघडाव्या लागल्याचे प्रसंग नित्य घडतात.

आतां घरांत ठेवण्याचा भाग. येथें फुगविण्याची फळी निःसंशय वरचढ आहे. पण या कामीं पुरुषांनीं घरांतील स्त्रियांचा सल्ला घ्यावा, कारण घडीचें शास्त्र त्यांस अधिक कळतें. पैठणी वर्षानुवर्षें एकाच घडींत ठेविली तर घडीवरच विरते, म्हणून ती मधूनमधून उलगडून घडी बदलावी लागते. फळीचेंहि तसेंच आहे. ती नेहमीं त्याच रेघेवर करकचून दुमडूं नये, सैल गुंडाळावी. जागा असेल तर थोडी हवा ठेवून पलंगाखालीं पसरावी हें सर्वांत उत्तम. समुद्रांतून आणल्यावर गोड्या पाण्यानें धुवावी आणि पूर्ण वाळल्याखेरीज गुंडाळूं नये. ओली गुंडाळली तर बुरशी धरते, वास मारते, आणि लहान बिऱ्हाडांत तो वास कपाटांतल्या कपड्यांस लागतो. हॉलंडच्या हिंवाळ्यांत काय किंवा आपल्या पावसाळ्यांत काय, तीन मीटरांची ओली वस्तु वाळवावयास जागा कोठें आहे, हें विकत घेण्यापूर्वीं पाहावें. जाहिरातींत गुंडाळलेल्या फळीचें चित्र असतें. दिवाणखान्यांत ठिबकत पडलेल्या फळीचें नसतें. वस्तु एकाची, अडचण सर्वांची, असें होऊं नये.

उन्हांतहि ती टाकून ठेवूं नये, आणि याचें कारण शाळेंत शिकलेल्या नियमांत आहे. बंद जागेंतील हवेचा एकूण दाब निरपेक्ष उष्णमानाच्या प्रमाणांत वाढतो. २७ अंशांवर, म्हणजे निरपेक्ष ३०० वर, फळींत १५ पौंड दाब भरला. बाहेरील वातावरणाचा सुमारें १५ धरून एकूण ३० झाला. तीच फळी वाळूंत तापून ५७ अंशांस, म्हणजे निरपेक्ष ३३० वर गेली, तर एकूण दाब ३३ होतो, आणि दाबमापकावर १५ चे १८ दिसतात. सांवलींत योग्य भरलेली फळी उन्हांत अशी गरजेहून अधिक ताणली जाते व तिच्या शिवणी सुटूं शकतात. किनाऱ्यावर विसावा घेतांना थोडी हवा सोडावी किंवा सांवली पाहावी.

चालीविषयीं थोडक्यांत सांगतों. फुगविलेल्या फळीच्या कडा गोलसर असतात, त्यामुळें पाणी त्यांस चिकटून राहतें. पक्क्या फळीच्या धारदार कडेवरून तें तुटून निघतें. म्हणून जोराच्या वाऱ्यांत पाण्यावरून सपाट्यानें घसरत जाण्याचा जो या खेळांतील खरा आनंद, त्यांत फुगविलेली फळी मागें पडते. मंद वाऱ्यांत, शिकण्यास आणि मुलांस मात्र ती फार चांगली. ती स्थिर असते, आणि पडतांना डोकें किंवा गुडघा तिच्यावर आदळला तरी पक्क्या फळीइतकें लागत नाहीं. शीड काढून ठेविलें तर उभ्यानें वल्हवीत हिंडावयासहि ती उपयोगी पडते.

शेवटीं मातोश्रींचा प्रश्न. तो शेवटीं घेतला, पण मोलानें पहिला आहे.

फळी फुटेल काय, ही भीति बहुतेकांच्या मनांत असते. तसें क्वचित् घडतें. तथापि अशा फळींत हवेचा कप्पा बहुधा एकच असतो, म्हणून अंगावर तरंगतें जाकीट घातल्यावांचून पाण्यांत पाऊल टाकूं नये. खरा धोका निराळा आहे व तो अधिक नित्याचा आहे : माणूस वाऱ्याबरोबर जातो आणि परत येऊं शकत नाहीं. वर ज्या फिनाचें नांव लक्षांत ठेवावयास सांगितलें त्याचें काम येथें पडतें. वाऱ्याच्या दिशेनें कोणतीहि फळी जाते. वाऱ्याच्या उलट, तिरप्या वाटांनीं परत येण्यासाठीं तिनें पाण्यांत घट्ट पकड घेतली पाहिजे. वल्हवण्यासाठीं म्हणून केलेल्या पुष्कळ फुगत्या फळ्यांस डोलकाठी बसविण्याची बैठक तेवढी दिलेली असते, पण मध्यभागीं मोठा फिन नसतो. अशी फळी शीड लावल्यावर आडवी घसरत जाते. नवशिका तासभर मजेंत पुढें जातो, आणि वळून पाहतो तों किनारा दूर गेलेला! म्हणून दुकानांत पहिला प्रश्न रंगाचा किंवा किंमतीचा विचारूं नये; ‘मध्यें फिन बसतो काय?’ हा विचारावा. बसत नसेल तर ती फळी शिडासाठीं घेऊंच नये.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. जमिनीकडून पाण्याकडे वाहणारा वारा फसवा असतो. किनाऱ्याजवळ पाणी शांत दिसतें, कारण झाडें-घरें वारा अडवितात. थोडें पुढें गेलें कीं जोर कळतो, आणि तोंवर परतीची वाट अवघड झालेली असते. कोंकणांत याचा विशेष विचार पाहिजे. खारे वारे आणि मतलई वारे आपण सर्वांनीं भूगोलांत पाठ केले आहेत : दिवसा समुद्राकडून जमिनीकडे, रात्रीं व पहांटे जमिनीकडून समुद्राकडे. सुटींत घरीं आलेला उत्साही तरुण सकाळींच उठून निवांत समुद्रावर फळी टाकील, तर तो मतलई वाऱ्याच्या हातीं सांपडण्याचा संभव असतो. त्यानें खारा वारा सुरू होईपर्यंत थांबावें, किनाऱ्यावर ओळखीचें माणूस बसवावें, आणि पावसाळ्याच्या महिन्यांत समुद्रावर जाण्याचें नांव काढूं नये. कांहीं बिघडलेंच तर फळी सोडून पोहत निघूं नये. हवा धरून असलेली फळी माणसास तारून धरते आणि शोधणाऱ्यांस दुरून दिसते. एकट्या माणसाचें डोकें लाटांत दिसत नाहीं.

एतावता निर्णय काय? ज्याचें घर पाण्याकांठीं आहे, सामान ठेवावयास पडवी आहे आणि ज्यास वेगाची हौस आहे, त्यानें पक्कीच फळी घ्यावी. रोज ३०० वेळां पंप दाबण्याचें त्यास कारण नाहीं. जो उंच मजल्यावर राहतो, आगगाडीनें किंवा मोटारीनें पाण्यापर्यंत जातो आणि मंद वाऱ्यांत शिकतो किंवा मुलांस शिकवितो, त्यास फुगविण्याची फळी खरोखर सोयीची आहे. जो केवळ विमानानें नेण्यासाठीं ती घेऊं पाहतो त्यानें आधीं काठीची लांबी मोजावी. फुगविण्याच्या फळीनें घराचा प्रश्न सुटतो, विमानाचा अर्धाच सुटतो, आणि पाण्याचा मुळींच सुटत नाहीं. तो शिक्षणानें आणि सावधपणानेंच सुटावयाचा.

पत्र लिहिणाऱ्या कुटुंबास माझें सांगणें असें आहे. चिरंजीवांस फळी घेऊं द्यावी, पण या वर्षीं नको. हॉलंडांत सरोवरांच्या कांठीं फळी, शीड आणि शिक्षक हीं तिन्ही भाड्यानें मिळतात. एक उन्हाळाभर त्यांनीं रीतसर शिकावें आणि वाऱ्याच्या उलट परत येण्याची विद्या पक्की करावी. उन्हाळा संपल्यावरहि हौस टिकली तर मधल्या फिनाची फुगती फळी घेऊन ती अ‍ॅमस्टरडॅमच्या बिऱ्हाडींच ठेवावी. कोंकणांत आणण्याचा खटाटोप मात्र करूं नये. शीड-काठीचें शुल्क आणि एवढ्या लांबची ने-आण जमेस धरतां, चार दिवसांच्या खेळासाठीं तो परवडणारा नाहीं. सुटीचे ते दिवस आजोबांजवळ बसण्यांत जावे. वीस टनांचा हिशेब त्यांस समजावून सांगण्यासहि तेवढा वेळ लागेलच.